तुमच्या काळचं कार्टून तुमच्या काळचं नव्हतंच

ताई, नमस्कार.

मी ३८ वर्षांचा, आणि माझं भांडण ८ वर्षांच्या लेकीशी आहे. कारण कार्टून. ती टॅबवर जे बघते ते मला बघवत नाही. सगळे सतत किंचाळत असतात, डोळा लवायच्या आत चित्र बदलतं, एक संपत नाही तोवर दुसरं आपोआप सुरू. आमच्या वेळी कार्टून नेटवर्क होतं, काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या लोगोचं. टॉम अँड जेरी, स्कूबी-डू, डेक्स्टर, पॉवरपफ गर्ल्स. त्याला काही दर्जा होता. माझा मामेभाऊ २४ वर्षांचा आहे. त्याच्या मते खरा सुवर्णकाळ बेन टेनचा, आणि माझं ते सगळं ‘आजोबांचं कार्टून’. घरच्या ग्रुपवर आमची यावरून इतकी जुंपली की शेवटी मामीने दोघांनाही गप्प केलं.

मागच्या रविवारी मी हौसेने जुन्या कार्टुनांचा संग्रह लावला आणि लेकीला शेजारी बसवलं. दहा मिनिटांत उठली. म्हणाली, “बाबा, हे कधी बोलणारेत?” मला आधी वाईट वाटलं, मग राग आला. तिच्या टॅबवरची सगळी ॲप्स काढून टाकली आणि सांगितलं, बघायचं तर हेच बघ. चार दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. बायको म्हणते, तुला तिला कार्टून दाखवायचं नाहीये, तुझं लहानपण दाखवायचंय.

दोनच प्रश्न विचारतो. आमच्या काळची चॅनल्स खरंच चांगली होती, की माझंच वय झालंय? आणि जे चांगलं आहे ते तिच्या गळी कसं उतरवू?

– रिमोट हातातून गेलेला बाबा

*

रिमोटवाले बाबा,

आधी उठा आणि ती ॲप्स परत टाका. मी थांबते.

टाकली? आता तिला सांगा, “मी रागात काढली होती, माझं चुकलं.” एवढंच. त्याला ‘पण’ जोडू नका. किती वेळ बघायचं याची मर्यादा घालणं हा तुमचा हक्क आहे, ती आपण पुढे घालूच. पण तिने काही गुन्हा केलेला नाही. तुम्हाला जे आवडतं ते तिला आवडलं नाही, आणि तिने ते तोंडावर सांगितलं. त्यावर तुम्ही शिक्षा दिलीत, आणि शिक्षा म्हणून काय दिलंत तर टॉम अँड जेरी. म्हणजे ज्या जोडीवर तुमचा इतका जीव आहे, त्यांना तुम्ही स्वतःच्या हाताने तुरुंगाचे शिपाई करून ठेवलंत. आता तिला ते आवडावेत तरी कसे?

हे झालं की पहिल्या प्रश्नाकडे वळू. तुमच्या यादीतलं पहिलंच नाव घ्या. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी टॉम अँड जेरीचा पहिला लघुपट एमजीएम स्टुडिओसाठी केला तो १९४० साली. त्यात मांजराचं नाव टॉमही नव्हतं, जॅस्पर होतं. तो टीव्हीसाठी नव्हता आणि खास मुलांसाठीही नव्हता. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचा, समोर बसलेल्या लहानथोर सगळ्यांसाठी. या दोघांनी १९५८ पर्यंत असे ११४ लघुपट केले आणि त्यांतल्या ७ लघुपटांना ऑस्कर मिळालं. तुमचा जन्म झाला तेव्हा त्यातला सगळ्यात नवासुद्धा तीसेक वर्षांचा झालेला होता. स्कूबी-डू १९६९चा. डेक्स्टर १९९६चा, पॉवरपफ गर्ल्स १९९८च्या. तेव्हा तुमच्या यादीत एक काळ नाही, तीन आहेत, आणि त्यातला एकच तुमचा आहे. मामेभावाने ‘आजोबांचं कार्टून’ म्हटलं ते तुम्हाला झोंबलं, पण हिशेबाने पोरगं बरोबर आहे.

मग हे सगळं एका डब्यात आलं कसं? टेड टर्नर या अमेरिकन उद्योगपतीने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना चित्रसंग्रह विकत घेतला. त्याबरोबर वॉर्नर ब्रदर्सची १९४८ पूर्वीची बरीच रंगीत कार्टुनंही त्याच्याकडे आली, आणि पॉपायही. १९९१ मध्ये त्याने हॅना-बार्बेरा ही अख्खी कंपनी घेतली. आता गोदाम शिगोशीग भरलं, मग दुकान नको का? १ ऑक्टोबर १९९२ रोजी कार्टून नेटवर्क सुरू झालं ते या गोदामाच्या जिवावर. चोवीस तास कार्टून दाखवायचं तर एवढं नवं आणणार कुठून? जुनंच लावा. तुम्ही ज्याला ‘आमच्या काळचं चॅनल’ म्हणता, ते सुरुवातीला जवळजवळ सगळं पुनःप्रक्षेपण होतं.

स्वतःचं नवं करायला ते नंतर लागले. १९९५ पासून त्यांनी ‘व्हॉट अ कार्टून!’ या नावाखाली नव्या दमाच्या चित्रकारांना ४८ छोटी कार्टुनं करायला दिली. एकेक कल्पना, पाच-सात मिनिटांची, चालली तर मालिका. त्यातून डेक्स्टर निघाला, जॉनी ब्राव्हो, काऊ अँड चिकन, पॉवरपफ गर्ल्स आणि तो भित्रा गुलाबी कुत्रा करेजसुद्धा. हा उपक्रम मला फार आवडतो, कारण कुणीतरी कुणालातरी चुकायची मुभा दिली होती. ४८ पैकी बहुतेकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

आता मामेभावाची बाजू. १ एप्रिल २००० रोजी बूमरँग नावाचं वेगळं चॅनल निघालं आणि जुना माल हळूहळू तिकडे हलला. २००४ मध्ये तुमचा काळा-पांढरा लोगोही गेला. बेन टेन आला २००५च्या डिसेंबरात. हा अमेरिकेतला क्रम, तुमच्याकडे ही पावलं थोडी मागेपुढे पडली असतील. तो पोरगा टीव्हीसमोर बसण्याच्या वयाचा झाला तोवर आजोबांचं फडताळ शेजारच्या खोलीत गेलेलं होतं. त्याला जुनं आवडत नाही ते त्याला दर्जा कळत नाही म्हणून नव्हे. त्याच्या वाट्याला ते आलंच कमी. आणि त्याच्याच लहानपणी, २००५ ते २००८, निकलोडियन या दुसऱ्या चॅनलवर ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही मालिका चालू होती. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एकच सलग गोष्ट, तीन पर्वांत पुरी केलेली. तुमच्या यादीत असं काही आहे का, बघा जरा.

नसणारच, आणि तो तुमच्या कार्टुनांचा दोष नाही, चॅनलचा स्वभाव होता. भाग चुकला की चुकला. कुठला कधी लागेल याचा भरवसा नाही. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं होतं तिथे परत यायचं. घर कोसळलं तरी पुढच्या भागात उभं. आता मागचा भाग हवा तेव्हा बघता येतो, त्यामुळे गोष्टीला लांब श्वास घेता येतो. ‘ॲडव्हेंचर टाइम’ २०१० ते २०१८ चालली आणि तिच्यातला मुलगा पर्वागणिक मोठा होत गेला, त्याचा आवाजसुद्धा बदलला. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ तर ४० भागांत एका उन्हाळ्याची गोष्ट सांगते आणि थांबते. थांबते, हे विशेष.

दर्जाचं म्हणाल तर आठवण ही फार लबाड चाळण आहे. हॅना-बार्बेरा १९५७ मध्ये टीव्हीकडे वळले तेव्हा त्यांना थोड्या पैशांत खूप मिनिटं भरायची होती. म्हणून त्यांनी चित्रंच कमी काढायची युक्ती काढली. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, ठाऊक आहे? धड एकदा काढून ठेवायचं, डोकं तेवढं हलवायचं, आणि जोड दिसू नये म्हणून मध्ये कॉलर! पात्रं पळतात तेव्हा मागून तीच खिडकी, तेच झाड, पुन्हा तीच खिडकी. तुमच्या काळी हे सगळं त्याच चॅनलवर, त्याच दुपारी लागायचं. तुम्ही बघितलंही असेल, फक्त जपून ठेवलं नाहीत.

टॉम अँड जेरीतसुद्धा तेच. १९६१–६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ लघुपट केले. हालचाल तुटक, आवाज विहिरीतून आल्यासारखे. लहानपणी ते लागले की आज हे दोघं असे का वागतायत, असं तुम्हाला नक्की वाटलं असणार. त्यानंतर चक जोन्स यांनी १९६३ ते ६७ मध्ये आणखी ३४ केले, त्यात टॉमच्या भुवया जाडजूड झाल्या. नाव तेच, हात तीन. तुम्ही ‘टॉम अँड जेरी’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्या हातातले सगळ्यात चांगले दहा-बारा असतात. आणि तुम्ही त्यांची तुलना लेकीच्या टॅबवर मंगळवारी दुपारी जे काही लागलं होतं त्याच्याशी करता. ही कुस्ती बरोबरीची नाही.

जाहिरातींबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘आमच्या वेळी असा बाजार नव्हता’ हे वाक्य तुमच्या पत्राच्या पुढच्याच पानावर असणार, म्हणून सांगून टाकते. ही-मॅनची खेळणी १९८२ मध्ये आली, मालिका १९८३ मध्ये. क्रम लक्षात घ्या. अमेरिकेच्या प्रसारण नियामकाने १९८४ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधनं सैल केली आणि खेळण्यांवरून बेतलेल्या मालिकांची रांग लागली. मग १९९०च्या कायद्याने मर्यादा पुन्हा आली. ती किती? शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी १२ मिनिटं. ही मर्यादा बरं का! निकलोडियन १९७९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर जाहिराती नव्हत्या, पण ते काही वर्षंच टिकलं. बेन टेनचं घड्याळ मामेभावाने मागितलं होतं की नाही, मामीला विचारा. कंपन्यांचा हात प्रत्येक काळात मुलांच्या खांद्यावर होता. तुमच्या वेळी तो अर्ध्या तासात दोन-तीनदा यायचा आणि ‘आता जाहिरात’ हे कळायचं. आता खेळणं उघडून दाखवणं हाच कार्यक्रम असतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला तो कार्यक्रम कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली हे कळत नाही. इथे मात्र तुमची तक्रार रास्त आहे, फक्त तुम्ही ती चुकीच्या ठिकाणी केलीत. रंग आणि किंचाळणं सोडा, याच्यावर नजर ठेवा.

तक्रारी काही नव्या नाहीत. १९६८ मध्ये अमेरिकेत पेगी शॅरन यांनी मुलांच्या टीव्हीसाठी पालकांची संघटना उभी केली, कारण त्यांना तेव्हाची कार्टुनं असह्य झाली होती. तेव्हाची म्हणजे आज आपण ज्यांना निरागस म्हणतो ती. मी स्वतः माझ्या मुलाला “बंद कर ते येडंविद्रं” म्हणून ओरडायचे. ते येडंविद्रं म्हणजे काऊ अँड चिकन. आज तो त्याच मालिकेबद्दल तासभर गंभीर चेहऱ्याने बोलतो आणि मी ऐकून घेते, दुसरं काय करणार.

आता वेगाचं. “डोळा लवायच्या आत चित्र बदलतं” हे तुम्ही लिहिलंत, त्यात तथ्य आहे. २०११ मध्ये ‘पीडिएट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांचा एक प्रयोग छापून आला. ४ वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकाने ९ मिनिटं वेगवान कार्टून बघितलं, ज्यात सरासरी ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं. दुसऱ्याने संथ, ज्यात ३४ सेकंदांनी. तिसऱ्याने नुसती चित्रं काढली. लगेच नंतर दिलेल्या कामांत, म्हणजे लक्ष ठेवणं, सूचना पाळणं, हव्या त्या गोष्टीसाठी थांबणं यात, वेगवान गट मागे पडला. पण हे लगेच नंतरचं झालं, पुढे काय राहतं ते या प्रयोगात नाही. शिवाय मुलं चार वर्षांची होती, तुमची लेक आठची आहे. आणि ते वेगवान कार्टून कुठलं होतं? स्पंजबॉब. १९९९चं. तुमच्याच शाळकरी वयातलं. तेव्हा वेग हा आजच्या पोरांचा शोध नाही.

यातून घ्यायचं ते इतकंच, की अभ्यासाला किंवा झोपायला बसायच्या ऐन आधी वेगवान काही नको. संध्याकाळी खेळून आल्यावर बघू दे. आणि दिवा लावून. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर तिथे नियम झाले आणि ‘खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा’ अशी सूचना देण्याची पद्धत पडली. अंधारात पांघरुणात टॅब हे कुठल्याच काळात चांगलं नाही.

मग खरंच काहीच गेलं नाही का? गेलं. पण ते कार्टुनांच्या आत नव्हतं, दोन कार्टुनांच्या मधे होतं.

तुमचं चॅनल ही एक गल्ली होती. तिला वेळ होती. चारला हे, साडेचारला ते. दोन कार्यक्रमांच्या मधे काही सेकंदांची गंमत असायची, त्यात एका मालिकेतलं पात्र दुसऱ्या मालिकेतल्या पात्राला भेटायचं. नव्वदीच्या शेवटी त्या मधल्या तुकड्यांमागे जी यंत्रासारखी धडधडणारी धून वाजायची ती रेमंड स्कॉट यांची ‘पॉवरहाउस’, १९३७ची. वॉर्नरच्या जुन्या कार्टुनांत ती आधीपासून होती, चॅनलने तिथून उचलली. तुम्हाला आत्ता ती ऐकू आली असेल. २००४ नंतर तर त्यांनी संगणकावर एक अख्खं शहरच उभं केलं, ज्यात सगळी पात्रं एकमेकांचे शेजारी म्हणून राहतात. मामेभावाच्या आठवणीतली गल्ली ती. तुम्ही दोघं ग्रुपवर भांडत होता ते कुठलं कार्टून श्रेष्ठ यावर नव्हे, कुणाची गल्ली खरी यावर.

आणि त्या गल्लीत तुम्हाला नको असलेलंही भेटायचं. साडेचारचं डेक्स्टर हवं म्हणून चारचं काहीतरी कंटाळवाणं सहन करायचं. असं सहन करता करताच तर १९४०चं मांजर तुमच्या ओळखीचं झालं! तुम्ही ते निवडलं नव्हतं. ॲप मात्र लेकीला तिने काल बघितलं त्याच्यासारखंच आज दाखवतं, उद्या आणखी तसंच. तिच्या वाटेवर अनोळखी कुणी येतच नाही. आणि अर्धा तास झाला की ‘संपलं’ म्हणणारं कुणी नाही. तुमच्या वेळी ते काम चॅनल करायचं, आईबाबांना वाईट व्हावं लागत नसे. आता ते तुमच्यावर आलंय, आणि चार दिवसांपूर्वी तुम्ही ते फारच वाईट रीतीने केलंत. असो, तो विषय संपला.

दुसरा प्रश्न. “गळी कसं उतरवू?” बाबा, गळी उतरवतात ते औषध. हा शब्द सोडा.

पहिला आठवडा तुम्ही तिचं बघायचं. शेजारी बसून, फोन बाजूला ठेवून, तीन भाग, तोंडातून अवाक्षर न काढता. सुस्कारेसुद्धा नकोत, मुलांना ते बोलण्याहून जास्त ऐकू येतात. चौथ्या भागाला एक प्रश्न विचारायची परवानगी आहे, आणि तो खरा हवा, “यातला तुला कोण आवडतो?” असा. काही कचरा निघेल, निघू दे. काही असं निघेल की तुम्हीच पुढचा भाग लावाल. ‘ब्लूई’ ही ऑस्ट्रेलियन मालिका बघा, २०१८ची, सात-सात मिनिटांचे भाग. लेक म्हणेल ते लहान मुलांचं आहे. तिला म्हणा, मी बाबांसाठी लावलंय. त्यातला बाप मुलींच्या खेळात ज्या तऱ्हेने उतरतो ते बघून मला माझ्या काही गोष्टी आठवल्या, सगळ्या सुखाच्या नव्हेत.

तिला एकच भाग दहा वेळा बघायचा असेल तर बघू द्या. ‘ब्लूज क्लूज’ ही लहानग्यांची मालिका १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत असत, मुद्दाम. रोज मुलांना त्यात थोडं जास्त कळायचं आणि ती जास्त जोरात उत्तरं द्यायची. मर्यादा घालायची ती मिनिटांची घालू नका, भागांची घाला. दोन भाग म्हणजे दोन. गोष्टीच्या ऐन मध्यावर टॅब काढून घेतला तर भांडण होणारच. आणि सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. घरातल्या अर्ध्या कटकटी त्या एका खटक्यात आहेत.

दुसऱ्या आठवड्यापासून घरचं चॅनल काढा. शनिवारी एक तास. कागदावर वेळापत्रक लिहून भिंतीला चिकटवा : पहिलं तिचं, दुसरं तुमचं, तिसरं मामेभावाचं. पुढे ढकलायचं नाही, उडी मारायची नाही, चुकलं तर पुढच्या शनिवारपर्यंत नाही. दोन कार्यक्रमांच्या मधला तुकडा तिने करायचा. लोगो तिने काढायचा, ‘आता बघूया’ हे तिने म्हणायचं, हवी तर खोटी जाहिरातही तिनेच करायची. घरातल्याच कुठल्यातरी वस्तूची जाहिरात करायला सांगा. दोन शनिवारांत तिला जाहिरात कशी गोड बोलते हे इतकं कळेल की टॅबवरची विक्री ती आपणहून ओळखायला लागेल.

तुमच्या वेळेत सुरुवात टॉम अँड जेरीपासून मुळीच नको, निदान ती शिक्षा विसरेपर्यंत. पॉवरपफ गर्ल्स लावा. किंवा डेक्स्टर, कारण त्यातली ताई डीडी पुन्हापुन्हा भावाची प्रयोगशाळा उधळते आणि आठ वर्षांच्या कुठल्याही मुलीला ते पटतं. जे लावणार ते आदल्या रात्री एकदा स्वतः बघा. जुनं म्हणजे सोवळं नव्हे. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या कार्टुनांत कृष्णवर्णीयांची, आशियाई लोकांची जी टिंगल आहे ती आज बघताना अंगावर येते. वॉर्नरची ११ कार्टुनं तर १९६८ मध्येच प्रसारणातून काढून घेतली होती, आणि टॉम अँड जेरीच्या संग्रहांवर आता अशा टिंगलीबद्दल सूचना असते. असं काही समोर आलंच तर घाईने पुढे पळवू नका, थांबून सांगा. आणखी एक बारीकसं : जुनं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. तुमचा टीव्ही ते ताणून रुंद करत असेल किंवा वरखाली कापत असेल तर ती सोय बंद करा. अर्धं डोकं कापलेला टॉम कुणाला आवडेल?

आणि टॉमची वेळ येईल तेव्हा तिच्या त्या प्रश्नापासूनच सुरू करा. “हे कधी बोलणारेत?” हा कंटाळ्याचा उद्गार वाटला तुम्हाला. मला तो फार नेमका प्रश्न वाटला. ते बोलत नाहीत, कारण त्यांचं सगळं बोलणं स्कॉट ब्रॅडली नावाच्या संगीतकाराने वाद्यांवर टाकलं होतं. पाऊल, चोरपाऊल, संशय, आपटणं, सगळं. खेळ करा. एकाने डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकून सांगायचं, आता काय चाललंय, कोण कुणाच्या मागे आहे. दुसऱ्याने बघायचं आणि बरोबर की चूक ते सांगायचं. मग पाळी बदला. आधी डोळे तुम्ही मिटा. तुम्हाला सगळं पाठ आहे असं तुम्हाला वाटतं, आणि तुम्ही चुकाल. तिला ते फार आवडेल.

मामेभावाला शनिवारी बोलवा. त्याने त्याचा एकच भाग आणायचा आणि आधी प्रस्तावना करायची नाही. ही अट तुम्हालाही आहे. वहिनींना विचारा त्यांना कुठली वेळ हवी आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या लहानपणी काय बघत होत्या याचा एक शब्द नाही.

चॅनलचं नाव लेकीला ठेवू द्या. ते तुम्हाला आवडणार नाही. मला कळवा.

– ताई